दिवा नाही, तर काटा नाही

गळीत हंगाम सुरू झाला की श्रीपूरला रात्र फक्त घड्याळात होते. बॉयलरमध्ये एकदा अग्नी पडला की उसाच्या गाड्या चोवीस तास चालू. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली. तिच्या साखर कारखान्यामुळे इथली वस्ती वाढली, आणि आज श्रीपुरात पांडुरंग सहकारी साखर कारखाना गाळप करतो. जवळच माळीनगरला सासवड माळी शुगर, अकलूजला सहकारमहर्षी शंकरराव मोहिते पाटील कारखाना. साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा राज्यात आघाडीवर, आणि आमचा माळशिरस तालुका त्यातला जुना मानकरी. त्यामुळे दिवाळीपासून मार्चपर्यंत अकलूज, महाळुंग, श्रीपूर, बोरगाव या पट्ट्यात अंधार पडल्यावर ट्रॉल्या, ट्रक, बैलगाड्या, मोटारसायकली आणि घरच्या गाड्या सगळ्या एकाच डांबरी पट्टीवर येतात.

या रस्त्यावरच्या उजेडाबद्दल काही मुद्दे मांडायचे आहेत. खांबावरच्या दिव्यांबद्दल अर्ज-विनंत्या पुष्कळ झाल्या. मी बोलतोय ते गाडीवरच्या दिव्यांबद्दल. म्हणणं थोडक्यात असं: गाडी ज्याची त्याची असली, तरी तिचा दिवा सार्वजनिक आहे. तो जास्त झाला तर दुसऱ्याच्या डोळ्यात जातो, आणि नसला तर मरतो तोही बहुतेक वेळा दुसराच. म्हणून त्याची देखभाल मालकाच्या मर्जीवर सोडून भागणार नाही.

१. एका अपघातात दोन दिव्यांचा दोष असतो

ट्रॉलीला मागून धडक बसली की चौकात दोनच निष्कर्ष ऐकू येतात. एक, "ट्रॉलीला मागं लाइटच नव्हती." दोन, "पोरगं बेफाम होतं." दोन्ही खरे असू शकतात, पण तिसरी गाडी कुणाच्या लक्षात राहत नाही. ती समोरून आली आणि निघून गेली. तिच्यात बाजारातून घेतलेले पांढरेफेक एलईडी बल्ब होते आणि अप्पर चालू होता. तिच्या उजेडानं मागच्या चालकाचे डोळे दिपले, त्याला पुढचे काही सेकंद डांबराच्या जागी नुसता काळा पडदा दिसला, आणि त्याच पडद्यात बिनदिव्याची ट्रॉली होती.

म्हणजे एकाचा जादा उजेड आणि दुसऱ्याचा अंधार, असे दोन दोष एकाच जागी भेटले. ज्याचा दोष पहिला, तो पंचनाम्यात कधी येतच नाही. म्हणून ट्रॉलीवाल्याकडे बोट दाखवण्याआधी कारवाल्यांनी स्वतःच्या गाडीपुढं जाऊन उभं राहावं. या लेखातला अर्धा भाग त्यांच्यासाठीच आहे.

२. हिशेब मीटरचा आहे

ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. पुढं काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा: २५ मीटर गेले. कोरड्या डांबरावर करकचून ब्रेक लागला तरी गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर. एकूण ४५. वेग ८० असेल तर हाच आकडा ७० मीटरच्या आसपास जातो.

आता डिपरचा उजेड किती लांब जातो? चांगल्या स्थितीतल्या साध्या हॅलोजन दिव्यात उपयोगी उजेड पन्नास-साठ मीटरपर्यंत धरता येतो. समोरून गाड्या येत असताना अप्पर वापरता येत नाही, म्हणजे हंगामात बहुतेक वेळ आपण डिपरवरच असतो. दिवे नवे, काच स्वच्छ, फोकस बरोबर, असं सगळं जमून आलं तरी डिपरवर ८० नं जाणारा माणूस दिसत नसलेल्या जागेत गाडी घालत असतो. काच पिवळी पडलेली असेल, तर साठचा वेगही जास्तच.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात रस्त्यावर मेलेल्यांची संख्या १,६८,४९१ आहे. त्यातले १५,२२४ महाराष्ट्रातले. दिवसाचे तीन-तीन तासांचे भाग पाडले तर सर्वांत जास्त अपघात संध्याकाळी ६ ते ९ मध्ये होतात, एकूण संख्येच्या साधारण पाचवा हिस्सा. आमच्याकडे हंगामात सहाला दिवेलागण होते आणि याच तीन तासांत बाजारहाट, दूध संकलन, क्लास सुटलेली मुलं आणि उसाच्या खेपा एकत्र येतात.

३. आधी काच बघा

जुन्या गाड्यांच्या दिव्यांना खरोखरची काच असायची. आता पॉलिकार्बोनेटचं कव्हर असतं. ते हलकं असतं, दगड लागला तर फुटत नाही, पण उन्हात जळतं. कंपनीनं त्यावर अतिनील किरण अडवणारा पातळ थर दिलेला असतो. सोलापूरच्या उन्हात पाच-सात वर्षं गाडी अंगणात उभी राहिली की तो थर जातो आणि कव्हर आधी धुरकट, मग पिवळं होतं. बल्ब नवा टाकला तरी उजेड आतच अडकतो, आणि जो बाहेर येतो तो नको तिकडं फाकतो. म्हणजे आपल्याला कमी दिसतं आणि समोरच्याला त्रास जास्त.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननं २०१८ मध्ये अशा खराब झालेल्या दिव्यांची मोजणी केली होती. नव्या दिव्याच्या तुलनेत त्यांचा उजेड वीस टक्क्यांपर्यंत खाली आलेला निघाला. घासून-पॉलिश केल्यावर तो सत्तर टक्क्यांच्या आसपास परत मिळाला. म्हणजे नवीन हेडलाइट घेण्याइतके पैसे नसले तरी अर्ध्या दिवसाच्या कामात बरंच काही साधतं.

काम असं. दिव्याभोवतीच्या रंगाला चिकटपट्टी लावायची. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर आधी ८०० नंबरचा, मग १५००, मग २०००. पहिल्या पेपरानं कव्हर आणखी पांढरं, दुधाळ दिसायला लागतं आणि माणूस घाबरतो. घाबरायचं नाही, तो जुना जळलेला थर निघतोय. पुढच्या पेपरांनी ओरखडे बारीक होत जातात आणि शेवटी रबिंग कंपाउंडनं पारदर्शकपणा परत येतो. पण काम इथं संपत नाही. वर अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट मारलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात काच पुन्हा पिवळी. टूथपेस्टनं घासायचा उपाय मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यानं चमक येते, थर येत नाही.

आणि रोजचं काम फडक्याचं. कालव्याकाठच्या रस्त्यावर संध्याकाळी चिलटं दिव्यावर चिकटून वाळतात, त्यावर उसाच्या गाड्यांची धूळ बसते. निघताना ओलं फडकं फिरवायला मिनिट लागत नाही. समोरची मोठी काच आतूनही पुसावी. तिच्यावर धुराचा आणि वाफेचा तेलकट थर साचतो आणि समोरचा प्रत्येक दिवा त्यात पसरून दुप्पट दिसतो.

४. बल्ब जोडीनं, आणि वायर आधी

आपल्याकडच्या असंख्य गाड्यांमध्ये एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो: अप्परला ६० वॅट, डिपरला ५५. हा बल्ब एका दिवशी जातो, पण त्याआधी कित्येक महिने हळूहळू मंद होत असतो, आणि आपले डोळे त्या मंद उजेडाला सरावतात. म्हणून एक बल्ब गेला की दोन्ही बदलावेत. नव्या बल्बच्या काचेला उघडं बोट लावू नये. बोटाचं तेल काचेवर राहतं, तापल्यावर तिथंच डाग पडतो आणि बल्ब लवकर उडतो.

पण नवा बल्ब टाकूनही उजेड मिणमिणताच राहिला, तर दोष बहुधा वायरिंगचा. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजला फार नाजूक असतो. बल्बापर्यंत पाच टक्के व्होल्टेज कमी पोचलं तर उजेड पंधरा टक्क्यांहून जास्त उतरतो. दहा टक्के कमी पोचलं तर जवळजवळ एक तृतीयांश. गंजलेली अर्थिंग, सैल सॉकेट आणि जळून काळा पडलेला होल्डर एवढं कारण पुरतं. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन आधी मीटर लावून बल्बाच्या पिनेवर व्होल्टेज बघतो, मग बल्ब विकतो. जो न बघताच "जास्त वॅटचा टाका" म्हणतो, त्याचं ऐकू नये. १००/९० वॅटच्या बल्बनं वायर तापते, होल्डर वितळतो, आणि समोरचा आंधळा होतो.

५. "एलईडी टाकून घ्या" या सल्ल्याबद्दल

दुकानात गेलं की हा सल्ला फुकट मिळतो. ज्या गाड्यांना कंपनीतूनच एलईडी दिवे येतात त्यांचा प्रश्न नाही. त्यांचा परावर्तक आणि भिंग त्याच दिव्यासाठी बनवलेलं असतं. प्रश्न आहे तो हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब बसवण्याचा.

एच-४ मध्ये दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते, ती वर जाणारा उजेड अडवते. मागचा परावर्तक त्या फिलामेंटच्या नेमक्या जागेवरून घडवलेला असतो. तिथं वेगळ्या आकाराचा, दोन बाजूंना चिप लावलेला एलईडी आला की हिशेब चुकतो. उजेड होतो खूप, पण कुठं पडतो? गाडीच्या पुढ्यातला रस्ता झगझगीत दिसतो म्हणून मालक खूश. त्याच झगझगाटामुळं त्याला लांबचं कमी दिसतं, आणि कडेला फाकलेला उजेड समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यात जातो.

केंद्रीय मोटार वाहन नियमावली, १९८९ मधला नियम १०६ हेच सांगतो. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला दिपवणारा झोत असता कामा नये. किंवा चालकाला तो खाली वळवता आला पाहिजे. हे मोजमाप म्हणजे समोरून येणारा माणूसच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुकानदार बिल देताना हे सांगत नाही.

साठीच्या पुढच्या माणसांचा इथं खास विचार हवा. वयाबरोबर डोळ्याची बाहुली रात्री पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि आतलं भिंग पिवळसर होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. त्यात मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरचा दिवा काचेवर पाणी पसरावं तसा पसरतो. गावात संध्याकाळी दूध घालायला लूना किंवा मोटारसायकलवर निघणारे बहुतेक याच वयाचे.

६. फोकस भिंतीवर बघा

दिवा किती मोठा यापेक्षा तो कुठं बघतो हे जास्त महत्त्वाचं. हे तपासायला यंत्र लागत नाही. सपाट जागा, एक भिंत आणि खडू पुरे. चाकांत हवा नेहमीइतकी. गाडी भिंतीला जवळजवळ टेकवून दोन्ही दिव्यांच्या मध्यावर खडूनं खुणा करायच्या, मग गाडी सरळ दहा मीटर मागं घ्यायची आणि डिपर लावायचा. भिंतीवर उजेडाची वरची कड स्पष्ट दिसते. ती खुणेच्या दहा सेंटिमीटर खाली असावी. आपण डावीकडून चालतो, म्हणून ती कड उजवीकडं आडवी आणि डावीकडं थोडी वर चढलेली असते, म्हणजे कडेचा माणूस दिसावा आणि समोरचा दिपू नये. कड खुणेच्या वर असेल, किंवा कडच नसेल, नुसता धूसर गोळा असेल, तर आपण रोज लोकांच्या डोळ्यात उजेड मारत आहोत. दिव्यामागचे स्क्रू फिरवून फोकस सेट करणं हे गॅरेजमधलं दहा मिनिटांचं काम आहे. बंपर बदलला, पुढून ठोकर लागली, बल्ब बदलला, की प्रत्येक वेळी ते करून घ्यावं.

बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या हाताला ०, १, २, ३ अशी चकती असते. अनेकांनी तिला गाडी घेतल्यापासून हात लावलेला नसतो. मागं तीन माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि डिपर अप्परसारखा वागायला लागतो. पंढरपूरला घरची सगळी मंडळी घेऊन निघालात की चकती एक-दोन घर पुढं फिरवा. उजेड पुन्हा रस्त्यावर येतो.

राहिला डिपर मारण्याचा शिष्टाचार. समोरच्यानं डिपर दिला नाही म्हणून आपणही अप्पर ठेवायचा, ही आमच्या रस्त्यावरची जुनी खोड. त्यात दोघंही आंधळे होतात. समोरचा ऐकत नसेल तर नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवावी आणि वेग कमी करावा. पुढं चाललेल्या गाडीच्या मागं असतानाही डिपरच हवा; तिच्या आरशातून आपला अप्पर तिच्या चालकाच्या तोंडावर जातो.

७. आता ट्रॉलीची मागची बाजू

हंगामातला ट्रॅक्टर पुढून बघावा. बॉनेटवर रंगीत पट्ट्या, छतावर चार-चार फोकस, गाण्यांचा दणदणाट. लग्नाची वरात यावी तशी स्वारी येते. मागून बघितलं तर दुसऱ्या ट्रॉलीला एक दिवा नाही.

हे का होतं, ते नीट बघितलं पाहिजे. नुसत्या शिव्या देऊन सुटणार नाही. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या. मागच्या दिव्यासाठी करंट ट्रॅक्टरच्या सॉकेटमधून पहिल्या ट्रॉलीत आणि तिथून दुसरीत जायला हवा. शेतात ट्रॉल्या सोडाव्या लागतात, वळवाव्या लागतात, चिखलात रुततात. पिन काढायची राहिली की वायर तुटते. तुटली की दोन टोकं पिळून जोडतात, पुढच्या वेळी तेवढंही होत नाही. नोव्हेंबरात लागणारा दिवा जानेवारीत बंद असतो. दिवा शाबूत असला तरी मोळ्या ट्रॉलीच्या मागं हात-दीड हात बाहेर येतात आणि लोंबणारे वाढे त्याला झाकून टाकतात. हंगामाच्या सुरुवातीला चिकटवलेल्या रेडियमच्या पट्टीवर महिन्याभरात चिखलाचा थर बसतो.

तेव्हा रात्री नेमकं काय दिसतं? वाळत चाललेला ऊस करडा-तपकिरी, डांबराशी मिळताजुळता. तो उजेड परत फेकत नाही. ताशी पंधरा-वीसच्या वेगानं चाललेला हा ढीग मागच्या गाडीला दिसतो तेव्हा तो तीस-चाळीस मीटरवर आलेला असतो. दुसऱ्या मुद्द्यातला हिशेब इथं लावून बघा.

बैलगाडीची अवस्था याहून बिकट. ती मोटार वाहन नाही, त्यामुळं मोटार वाहन कायद्याचे दिव्यांचे नियम तिला लागू होत नाहीत. बीड किंवा मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेलं ऊसतोड जोडपं पहाटे काळोखात गाडी हाकत असतं. त्यांच्या गाडीच्या मागं रेडियमचं कापड बांधणं हे त्यांना ज्यानं कामावर आणलं त्याचंच काम आहे.

८. तपासणीची जागा आधीच बांधलेली आहे

आरटीओ किंवा पोलिसांनी प्रत्येक ट्रॉली रस्त्यावर अडवावी अशी अपेक्षा ठेवली तर काहीच होणार नाही. अकलूजला उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आहे, एमएच-४५ ची पाटी तिथलीच. पण एका कार्यालयानं हजारो खेपा रात्रंदिवस तपासायच्या कशा?

गरजच नाही. उसाची प्रत्येक गाडी प्रत्येक खेपेला एका ठरलेल्या जागी दोनदा थांबते: भरलेली असताना वजनकाट्यावर, आणि गव्हाणीत ऊस रिकामा करून पुन्हा काट्यावर. तिथं वीज आहे, माणूस आहे, संगणक आहे, गाडीचा आणि मालकाचा नंबर आहे. किलोचाही हिशेब चुकत नाही. त्याच जागी आणखी एक रकाना भरायचा: मागचा दिवा लागतो की नाही, रेडियम दिसतं की नाही. काट्यावरच्या माणसाला मान वळवून बघण्याएवढं काम.

कारखान्याच्या हाती दुसरंही एक हत्यार आहे. तोडणी-वाहतुकीचा करार कारखाना करतो, उचल देतो, बिल काढतो. त्या करारात दिव्याची अट टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर वाटपाचे कार्यक्रम अनेक कारखाने करतात, ते चांगलंच आहे. पण पट्टी पहिल्या दिवशी लावली जाते आणि अपघात साठाव्या दिवशी होतो. म्हणून एकदा वाटण्यापेक्षा रोज बघणं महत्त्वाचं.

९. आक्षेप आणि त्यांची उत्तरं

"भरलेली गाडी दिव्यासाठी अडवली तर ऊस वाळेल, नुकसान शेतकऱ्याचं." बरोबर आहे. म्हणून भरलेली अडवू नका. तिचा ऊस घ्या, आणि रिकामी झाल्यावर बाहेर सोडताना दिवा लागल्याशिवाय फाटक उघडू नका. रिकाम्या ट्रॉलीत काही वाळत नाही.

"वाहतूकदाराला वेळ कुठं आहे?" वेळ तर तिथंच पडून आहे. नंबर लागेपर्यंत गाड्या यार्डात तासन् तास उभ्या असतात, चालक ट्रॅक्टरखाली सावलीला किंवा रात्री शेकोटीजवळ बसलेले असतात. यार्डात एक इलेक्ट्रिशियन, बल्ब, वायर, सॉकेट, रेडियमची रिळं ठेवली की दुरुस्ती रांगेतच होते. पैसे बिलातून वळते करावेत; एका ट्रॉलीचा खर्च काही शे रुपयांचा.

"दिवा लावला तरी वाढे झाकतातच." मग दिवा ट्रॉलीवर न ठेवता मालावर ठेवा. भरून झाल्यावर सर्वांत मागच्या मोळीला बांधायची रेडियमची रुंद कापडी पट्टी आणि बॅटरीवर चालणारा लाल लुकलुकता दिवा, हूक लावून. ऊस उतरवताना काढायचा, परत बांधायचा. ट्रॉलीची वायर तुटली तरी हा दिवा चालतो.

"चालकाला सांगून उपयोग नाही." त्याला खेपेवर पैसे मिळतात, झोप मिळत नाही, तो दिव्याची काळजी शेवटीच करणार. ज्याच्या हातात बिल आहे त्यानं सांगितलं की त्याच दिवशी फरक दिसतो.

१०. बंद पडलेली गाडी

उभी ट्रॉली चालत्या ट्रॉलीपेक्षा घातक. टायर फुटला, ॲक्सल मोडला की गाडी डांबरावरच राहते. चाकामागं दगड आणि मागं बाभळीची एक फांदी, एवढीच खूण. दुसऱ्या दिवशी ट्रॉली निघून जाते, दगड रस्त्यावरच राहतात आणि रात्री कुणाची तरी मोटारसायकल त्यांना ठेचकाळते. धोका होईल अशा रीतीनं गाडी रस्त्यावर सोडू नये, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सांगतं. कारखान्यांनी हंगामात एक फिरती गाडी ठेवावी: जॅक, लाल दिवे, शंकू आणि चार माणसं. तिचा फोन नंबर प्रत्येक ट्रॉलीच्या मागं मोठ्या अक्षरात असावा, म्हणजे जाणारा-येणाराही कळवू शकेल. कारवाल्यांच्या डिकीत लाल त्रिकोण प्लॅस्टिकच्या पिशवीत जन्मभर पडून असतो, तोही बाहेर काढायला शिकलं पाहिजे.

११. आषाढात जमतं, तर हंगामात का नाही?

तुकोबारायांची पालखी अकलूजहून निघते, माळीनगरला उभं रिंगण होतं, पायरीपुलावरून श्रीपूरवरून ती बोरगावच्या मुक्कामाला जाते. त्या दिवसांत या रस्त्याची काय काळजी घेतली जाते! वाहतूक वळवली जाते, दिवे लागतात, रुग्णवाहिका उभ्या राहतात, जिल्हाधिकाऱ्यांपासून ग्रामसेवकापर्यंत सगळे जागे. लाखो माणसं याच पट्टीवरून जातात आणि यंत्रणा ते पेलते. म्हणजे क्षमता आहे.

ऊसवाहतूक त्याच रस्त्यावर चार-पाच महिने, रोज रात्री होते. तिच्यासाठी जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची हंगामापूर्वी एक स्वतंत्र बैठक का नसावी? परिवहन कार्यालय, पोलीस, महामार्गाचे अधिकारी, सार्वजनिक बांधकाम विभाग, महाळुंग-श्रीपूर नगरपंचायत आणि परिसरातल्या सगळ्या कारखान्यांचे शेतकी अधिकारी एका टेबलाशी बसावेत. पालखी मार्ग रुंद झाल्यावर गाड्यांचा वेग वाढतो. ट्रॉलीचा वेग मात्र तेवढाच राहतो. दोन वेगांतली ही दरी जितकी वाढेल, तितकी मागच्या दिव्याची किंमत वाढेल.

पोलिसांकडून एक वेगळी अपेक्षा. हेल्मेट आणि कागदपत्रांची तपासणी दिवसा होते. आठवड्यातून एखादी संध्याकाळ फक्त दिव्यांसाठी ठेवावी: कारचे बदललेले एलईडी, एकच दिवा असलेल्या जीप, टेल लॅम्प नसलेल्या मोटारसायकली. दुचाकींचा पुढचा दिवा कायम चालू राहण्याची सोय १ एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली, पण मागचा दिवा फुटलाय हे मालकाला महिनोन्महिने माहीतच नसतं.

१२. मग करायचं काय, आणि कुणी?

कारवाल्यांनी दिवाळीआधी काच, बल्ब, वायर आणि भिंतीवरचा फोकस या चार गोष्टी बघाव्यात. गॅरेजवाल्यांनी हॅलोजनच्या घरात एलईडी बसवायला नकार द्यावा. एका गिऱ्हाइकाचे पैसे जातील, पण तेच गिऱ्हाईक रात्री दुसऱ्याच्या एलईडीसमोरून घरी जाणार आहे.

कारखान्याचं काय ते मात्र सभासदांनीच ठरवायचं. सहकारी कारखान्याचा मालक सभासद आहे, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत, म्हणजे मोळी टाकण्याच्या आधीच होते. सभेत दरावर भांडण होतं, व्हायलाच हवं. पण ज्याचा ऊस, त्याच्याच घरातलं पोरगं त्या रस्त्यावरून रात्री येतं. तेव्हा आयत्या वेळच्या विषयात न ढकलता, आधी लेखी सूचना देऊन, पुढचा ठराव मांडावा. मसुदा इथंच देतो. श्रीपूरलाच नव्हे, कुठल्याही कारखान्याच्या सभासदानं उतरवून घ्यावा:

"येत्या गळीत हंगामापासून ऊसवाहतुकीच्या प्रत्येक करारात मागचा दिवा व रेडियम पट्टीची अट घालण्यात यावी. प्रत्येक खेपेला काट्यावर त्याची नोंद व्हावी. दिवा नसलेली रिकामी गाडी यार्डात दुरुस्त करूनच बाहेर सोडावी व खर्च वाहतूक बिलातून वळता करावा. बैलगाड्यांना रेडियमचं कापड कारखान्यानं विनामूल्य द्यावं. बंद पडलेल्या गाड्यांसाठी चोवीस तास फिरतं पथक ठेवावं. दर महिन्याला किती गाड्या दिव्याअभावी थांबवल्या, याचा आकडा कारखान्याच्या फलकावर लावावा."

शेवटचं वाक्य कुणी गाळायला सांगेल, ते गाळू देऊ नये. आकडा फलकावर लागला तरच बाकीची वाक्यं पाळली जातील.